दोन याद्यांची एक यादी: ऑन्टॉलॉजी जोडताना काय सांभाळायचं

लोणावळ्याच्या पावसात घराबाहेर पडणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. तरीही आपण आलात, आणि बरेच जण घरी बसून ऐकत आहेत, त्या सगळ्यांचं स्वागत.

मागच्या वेळी आपण ऑन्टॉलॉजी म्हणजे काय ते पाहिलं. ज्यांचं ते ऐकायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात सांगू. तत्त्वज्ञानात ऑन्टॉलॉजी म्हणजे सत्ताशास्त्र. जगात काय काय आहे, त्याचे प्रकार किती आणि त्यांचा एकमेकांशी संबंध काय, याचा विचार. वैशेषिकांची पदार्थांची यादी म्हणजे हेच. संगणकाच्या लोकांनी हा शब्द आपल्याकडून उचलला आणि त्याला नेमकं काम दिलं. टॉम ग्रुबर यांनी 1993 साली त्याची जी व्याख्या केली तिचा मथितार्थ असा: एखाद्या विषयाकडे आपण ज्या कल्पना घेऊन बघतो त्या कल्पनांची उघड आणि नेमकी मांडणी म्हणजे ऑन्टॉलॉजी. यात मुख्य शब्द ‘उघड’ हा आहे. मनात असून चालत नाही, लिहावं लागतं. कारण वाचणारं यंत्र आहे, त्याला आपल्या मनातलं कळत नाही.

आजचा प्रश्न असा की, एकाच विषयावर दोघांनी दोन ऑन्टॉलॉजी केल्या असतील तर त्यांची एक कशी करायची?

मावळ म्हणजे कुठलं मावळ?

आधी घरचं उदाहरण घेऊ. एका फाइलमध्ये आजच्या पुणे जिल्ह्याचे तालुके आहेत. त्यात मावळ तालुका, मुख्य ठिकाण वडगाव. आत अंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. दुसरी फाइल इतिहासाच्या अभ्यासकाची. तिच्यात ‘बारा मावळ’ आहे, म्हणजे सह्याद्रीच्या कुशीतल्या खोऱ्यांचा लांबलचक पट्टा. त्यात हिरडस मावळ आहे, ते आज भोर तालुक्यात. गुंजण मावळ आहे, ते वेल्ह्याकडे. आता कुणी म्हणालं, “दोन्हीकडे मावळच तर आहे, करा एक!” की झालं. जोडलेली फाइल आपल्याला सांगणार की हिरडस मावळातल्या माणसाचा सातबारा वडगावला मिळतो.

उलटही होतं. एका फाइलमध्ये लोणावळा, दुसरीत लोणावळे, तिसरीत हिंदीतून आलेलं लोनावला. यंत्राला ही तीन गावं वाटतात.

म्हणजे नाव एक म्हणून वस्तू एक असं नाही, आणि नावं वेगळी म्हणून वस्तू वेगळ्या असंही नाही. हे आपल्याला कळतं, कारण आपण इथले आहोत. यंत्र इथलं नाही.

प्रोटेजे काय करतं आणि काय करत नाही

ऑन्टॉलॉजी लिहायला, तपासायला जे सॉफ्टवेअर सर्रास वापरतात त्याचं नाव प्रोटेजे. ते स्टॅनफर्ड विद्यापीठातून आलं आणि फुकट मिळतं. ते ज्या भाषेत लिहितं तिला आउल म्हणतात. तिचं प्रमाणरूप 2004 साली ठरलं आणि सुधारित दुसरी आवृत्ती 2009 साली आली. जागतिक आरोग्य संघटनेनं रोगांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती तयार केली, तेव्हा जगभरच्या तज्ज्ञांनी एकत्र काम करावं म्हणून जे साधन बनवलं तेही प्रोटेजेच्या वेबवरच्या रूपावर उभं केलेलं होतं. तेव्हा हे खेळणं नाही.

प्रोटेजेत रिफॅक्टर नावाचा मेनू आहे. त्यात ‘मर्ज ऑन्टॉलॉजीज’ अशी आज्ञा आहे. दोन फाइली उघडायच्या, ही आज्ञा द्यायची, कुठे जोडायचं ते सांगायचं. अर्ध्या मिनिटात काम होतं. नवीन माणसाला वाटतं, झालं!

पण ती आज्ञा नेमकं काय करते? दोन्ही फाइलींतली सगळी विधानं उचलून एका पिशवीत घालते. बस. अमुक आणि तमुक एकच, हे ती ठरवत नाही. प्रत्येक वर्गाला आउलमध्ये एक आयआरआय असतो. नाव म्हणजे हाक आणि आयआरआय म्हणजे पूर्ण पत्ता, असं समजा. पत्ता वेगळा असेल तर नाव सारखं असूनही दोन वर्ग वेगळेच राहतात. आणि दोघांनी नकळत एकच पत्ता वापरला असेल, तर कुणालाही न विचारता दोन वर्गांचा एक होतो. आज्ञेला पत्ता कळतो, अर्थ कळत नाही.

लोणावळ्यातलं काम

याच्यासाठी खरा माल आपल्या गावातच आहे. स्वामी कुवलयानंदांनी 1924 साली इथे कैवल्यधाम स्थापन केलं. तिथे योगक्रियांवर प्रयोगशाळेत काम झालं, तसंच जुन्या ग्रंथांवरही झालं. हठप्रदीपिकेची संपादित आवृत्ती तिथून 1970 साली निघाली, घेरंडसंहितेची 1978 साली. आणि 1972 साली योगकोशाचा पहिला खंड आला. त्या कोशाचं वैशिष्ट्य असं की संज्ञेचा अर्थ संदर्भासह दिलेला आहे. कुठल्या ग्रंथात कुठल्या ठिकाणी काय अर्थ, हे सुटत नाही. हे लक्षात ठेवा, शेवटी आपल्याला तिकडेच यायचं आहे.

आम्ही काही वर्षांपूर्वी दोन विद्यार्थ्यांना घेऊन एक छोटा उद्योग केला. एकानं हठप्रदीपिकेतल्या क्रियांची ऑन्टॉलॉजी केली, दुसऱ्यानं घेरंडसंहितेतल्या क्रियांची. मग दोन्ही जोडायला बसलो. दोन्ही ग्रंथ हठयोगाचे, दोन्हीकडे सहा शुद्धिक्रिया, दोन्हीकडे आठ कुंभक. आम्हांला वाटलं, एका दुपारचं काम.

पहिली जोडी सोपी निघाली. प्रदीपिकेत नौली आहे, घेरंडात लौलिकी. पोट दोन्ही बाजूंना वेगानं फिरवायचं, वर्णन जुळतं. नावं दोन, क्रिया एक. इथे आपण ‘हे दोन वर्ग समान’ असं विधान लिहितो. आउलमध्ये त्याला इक्विव्हॅलंट क्लास म्हणतात. बरोबर.

त्याच धडाक्यात आम्ही धौतीलाही समान म्हणून टाकलं. दोन्हीकडे नाव धौती, दोन्हीकडे सहा क्रियांपैकी एक. विचार करण्यासारखं काय होतं त्यात?

आता बघा काय झालं. प्रदीपिकेत धौती म्हणजे एकच क्रिया: चार बोटं रुंद, पंधरा हात लांब ओलं कापड हळूहळू गिळायचं आणि परत काढायचं. तेव्हा पहिल्या विद्यार्थ्यानं बरोबरच लिहिलं होतं की धौतीचं साधन वस्त्र. घेरंडसंहितेत धौती हा मोठा गट आहे. त्यात अंतर्धौती, दंतधौती, हृद्धौती आणि मूलशोधन असे चार भाग आहेत. दंतधौतीत हिरड्या येतात, जीभ येते, कानसुद्धा येतात. कापड गिळायची क्रिया तिथे आहे, पण ती हृद्धौतीच्या पोटात, वासोधौती या नावानं.

आम्ही वरच्या दोन धौती समान केल्या. मग यंत्राचा हिशेब सरळ आहे. दंतधौती ही धौती, धौतीचं साधन वस्त्र, म्हणून दंतधौतीचं साधन वस्त्र. कान साफ करायचे? पंधरा हात कापड गिळा!

यातली खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. प्रोटेजेमध्ये रीझनर नावाचा भाग असतो, म्हणजे लिहिलेल्या विधानांवरून पुढची अनुमानं काढणारा. आम्ही हर्मिट नावाचा रीझनर चालवला. एकही वर्ग लाल झाला नाही. लाल होणं म्हणजे ‘या वर्गात कुणी असूच शकत नाही, तुमच्या विधानांत विरोध आहे’ अशी खूण. ती आली नाही, म्हणून आम्ही खूश होऊन चहा घेतला आणि घरी गेलो. दुसऱ्या आठवड्यात एका विद्यार्थ्यानं अनुमानानं आलेली यादी वाचायला घेतली, आणि विचारलं, “सर, दात घासायला बावीस फूट कापड कशाला?” चूक आमची होती, त्यांची नव्हे. समान म्हणायचा निर्णय आम्हीच दिला होता.

यंत्र गप्प का बसलं? कारण दंतधौतीला वस्त्र लागत नाही, असं आम्ही कुठेच लिहिलं नव्हतं. आउलमध्ये सांगितलं नाही म्हणजे नाही, असा अर्थ होत नाही. सांगितलं नाही म्हणजे फक्त माहीत नाही. आपल्या परंपरेत अनुपलब्धीची चर्चा आहे ना, ती इथे कामाला येते. घडा दिसत नाही एवढ्यावरून घडा नाही असं म्हणता येत नाही. असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती हवी. यंत्राला ती परिस्थिती आपण लिहून द्यावी लागते.

लाल झालं तर काय

दुसरी गोष्ट कुंभकांची. प्रदीपिकेत आठ, घेरंडात आठ. सूर्यभेदन, उज्जायी, शीतली, भस्त्रिका, भ्रामरी, मूर्च्छा हे सहा दोन्हीकडे. प्रदीपिकेत उरलेले दोन सीत्कारी आणि प्लाविनी. घेरंडात उरलेले दोन सहित आणि केवली. आकडा जुळला म्हणून यादी जुळली, असं नाही.

त्यातही सहित आणि केवल हे शब्द प्रदीपिकेत आहेतच, पण वेगळ्या जागी. तिथे कुंभकाचे दोन प्रकार, सहित आणि केवल, अशी वरची वाटणी आहे, आणि सूर्यभेदनादी कुंभक सहितात मोडतात असा तिचा अर्थ लावता येतो. घेरंडात मात्र सहित हा सूर्यभेदाच्या शेजारी बसलेला, त्याच्या बरोबरीचा प्रकार आहे, आणि त्याचे सगर्भ व निगर्भ असे स्वतःचे दोन भेद आहेत. एका घरात बाप, दुसऱ्या घरात भाऊ!

या वेळी आम्ही शहाणे झालो होतो. घेरंडातले आठही कुंभक परस्परांहून वेगळे, एकात दुसरा येत नाही, असं विधान लिहून ठेवलं. मग दोन्ही सहित समान केले, दोन्ही सूर्यभेद समान केले आणि रीझनर चालवला. सूर्यभेद लाल. शेजारच्या प्रश्नचिन्हावर टिचकी मारली की प्रोटेजे कारण दाखवतं. सूर्यभेद सहितात येतो, सूर्यभेद सहिताहून वेगळा आहे, दोन्ही सहित एकच आहेत, वगैरे चार-पाच विधानं समोर आली.

नैयायिक ज्याला तर्क म्हणतात ते हेच. तुमचं म्हणणं मान्य केलं तर असा अनिष्ट प्रसंग ओढवतो, हे दाखवून देणं. पण चार विधानांपैकी कुठलं मागे घ्यायचं, हे तर्क सांगत नाही. प्रदीपिकेचा आम्ही लावलेला अर्थ चुकला? घेरंडातले आठ परस्परभिन्न हे आमचंच गृहीतक होतं का? का दोन सहित मुळात एक नव्हेतच? घेरंडानं आठ सांगितले, पण एकात दुसरा येत नाही, असं म्हटलं होतं का? गणती आणि परस्परभेद या दोन गोष्टी आहेत. यासाठी ग्रंथ उघडून बसावं लागलं. आम्ही ठरवलं की दोन सहित समान नाहीत. त्यांच्यामध्ये फक्त ‘जवळचा अर्थ’ एवढीच नोंद ठेवली. त्यासाठी स्कॉस नावाच्या शब्दसंचात क्लोज मॅच असा संबंध आहे. ती माणसासाठी केलेली नोंद आहे. रीझनर तिच्यावरून अनुमान काढत नाही, म्हणून ती निर्धोक.

तेव्हा लाल झालं तर घाबरू नका. लाल झालेली चूक सापडलेली चूक असते. काहीच लाल होत नाही तेव्हा जास्त जपून वाचा.

मग पद्धत काय

आमच्या अनुभवातून जी पद्धत हाती आली ती सांगतो.

एक. मूळ दोन फाइलींना हात लावायचा नाही. प्रत्येकीचे पत्ते वेगळे ठेवायचे, म्हणजे प्रदीपिकेची धौती आणि घेरंडाची धौती आपोआप एक होणार नाहीत.

दोन. तिसरी फाइल उघडायची. प्रोटेजेत ‘इम्पोर्ट’ची सोय आहे. तिसरी फाइल पहिल्या दोघींना आयात करते, आणि तिच्यात फक्त जोडणारी विधानं लिहायची. हा पूल. पूल चुकला तर पूल पाडता येतो, काठ शाबूत राहतात. मर्जची आज्ञा अगदी शेवटी, कुणाला एकच फाइल द्यायची असेल तेव्हा वापरायची.

तीन. प्रत्येक जोडीला तीन प्रश्न विचारायचे. पहिल्यात जे जे येतं ते सगळं दुसऱ्यात येतं का? दुसऱ्यातलं सगळं पहिल्यात येतं का? पहिल्याबद्दल जे जे लिहिलंय ते दुसऱ्याच्या प्रत्येक उपप्रकाराला लागू पडतं का? तिन्हींना होय आलं तरच समान लिहायचं. एकाच बाजूनं होय आलं तर उपवर्ग. आमच्या धौतीचं खरं उत्तर असं निघालं: प्रदीपिकेची धौती ही घेरंडाच्या वासोधौतीशी समान, आणि म्हणून घेरंडाच्या धौतीचा एक उपवर्ग. दोन विधानांत प्रश्न मिटला.

चार. जिथे खात्री आहे तिथे परस्परभेद लिहायचा, म्हणजे चूक झाली तर यंत्राला बोलायला तोंड मिळतं. मग रीझनर चालवायचा आणि लाल तर बघायचंच, पण अनुमानानं आलेली प्रत्येक ओळ, जी प्रोटेजे पिवळ्या पट्टीत दाखवतं, तीही विषय जाणणाऱ्या माणसानं वाचायची.

पाच. जोडणाऱ्या प्रत्येक विधानाला टीप लावायची. आउल-दोनमध्ये विधानालाच टीप जोडता येते. कुठला ग्रंथ, कुठला श्लोक, कुणी ठरवलं, कधी ठरवलं, कुठली शंका उरली. उद्या दुसरा कुणी येऊन म्हणाला की तुमचा निर्णय चुकला, तर त्याला भांडायला जागा हवी.

आपल्या शास्त्रकारांनी शास्त्राची रीत सांगितली आहे: उद्देश, लक्षण, परीक्षा. आधी नाव घ्यायचं, मग लक्षण सांगायचं, मग ते लक्षण बसतं का ते तपासायचं. आम्ही धौतीच्या बाबतीत उद्देशावरून थेट निकालाकडे उडी मारली होती. नाव जुळलं, शिक्का मारला. लक्षण वाचलंच नाही.

एवढी उठाठेव कशासाठी

कुणी म्हणेल, कापड गिळायचा विनोद झाला, नुकसान काय? तर कपालभाती घ्या. आज घराघरांत माहीत असलेला शब्द. प्रदीपिकेत कपालभाती म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा भरभर श्वासोच्छ्वास. घेरंडसंहितेत कपालभातीचे तीन प्रकार आहेत. वातक्रमात श्वास एका नाकपुडीनं घेऊन दुसरीनं सोडायचा. व्युत्क्रमात नाकानं पाणी ओढून तोंडावाटे काढायचं. शीत्क्रमात तोंडानं पाणी घेऊन नाकावाटे सोडायचं. या दोन कपालभाती समान करून टाकल्या, तर भात्यासारख्या श्वसनावर केलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष नाकातून पाणी ओढण्याच्या क्रियेला चिकटतात. पोटाची शस्त्रक्रिया झालेल्याला शिक्षक भस्सकन श्वास सोडू नका म्हणतात, ती सूचना भलत्या क्रियेला लागते, आणि पाण्याच्या क्रियेतली सावधगिरी कुणालाच दिसत नाही. माहिती चुकली, हे वाचणाऱ्याला कळायला मार्गच नाही, कारण जोडलेल्या फाइलीत सगळं एका नावाखाली नीटनेटकं दिसतं.

आणि आता अशा जोडलेल्या फाइलींवरून यंत्रं उत्तरं देऊ लागली आहेत. विचारणारा माणूस ग्रंथ उघडून बघणार नाही, तो उत्तरावर विश्वास ठेवून सकाळी सतरंजीवर बसणार.

म्हणून योगकोशाचा उल्लेख मुद्दाम केला. 1972 साली प्रोटेजे नव्हतं. पण अर्थ लिहिताना संदर्भ सोडायचा नाही ही शिस्त होती. दोन ग्रंथ वेगळं बोलत असतील तर ते वेगळं बोलतात हे नोंदवणं, हाही जोडण्याचाच भाग आहे. एकत्र करणं म्हणजे भेद पुसणं नव्हे. कुठे एक आहे, कुठे एकात दुसरं आहे आणि कुठे नुसतं नावसाधर्म्य आहे, हे तिन्ही सांगता आलं तर जोडणी झाली असं म्हणायचं.

पुढच्या वेळेपर्यंत एक काम करून बघा. प्रोटेजे उतरवून घ्या. आजच्या मावळ तालुक्याची दहा-बारा वर्गांची एक छोटी फाइल करा, आणि बारा मावळांची दुसरी. मग तिसरी फाइल उघडा आणि पूल लिहा. ‘मावळ’ आणि ‘मावळ’ यांच्यात कुठला संबंध लिहिलात आणि का, ते टीप लावून पाठवा. तुमची उत्तरं एकसारखी येणार नाहीत. पुढच्या व्याख्यानाची सुरुवात तिथूनच करू.

आता प्रश्न घेऊ या.